सेनेमची सही

तीन महिन्यांत सेनेमने एकदा फोन केला, आणि तोसुद्धा तिने नाही, तिच्या कचेरीतल्या कुणा पोरीने. "मॅडमनी विचारलंय, रविवारी आपण घरी असाल का?" सातीआईने फोन कानापासून लांब धरला, जसा काही त्यातून वास मारत होता. आपण म्हणे! जिच्या डोक्यातल्या उवा काढून, वेण्या घालून शाळेत धाडलं, ती आता आईला भेटायची वेळ दुसरीच्या तोंडाने मागते.

"सांग तुझ्या मॅडमना," सातीआई आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "रविवारी मी जेमला असते, आमच्या प्रार्थनेला. त्या विसरल्या असतील तर तू लिहून ठेव." आणि फोन आपटला.

बरं, एवढंच असतं तर ती चार शिव्या घालून गप्प बसली असती. राग होता तो टीव्हीवरच्या बोलण्याचा. सेनेम राज्याच्या सरकारात बाहेरून आलेल्या लोकांचं खातं सांभाळायची. कुणाला इथं राहू द्यायचं, कुणाच्या बायकापोरांना आणू द्यायचं, आणलेल्यांना भाषा कशी शिकवायची, सगळं तिच्याकडे. जर्मनीतल्या हाम शहरातले, तुर्कस्तानातून आलेले तिच्या अलेवी पंथाचे झाडून सारे लोक तिचं नाव घेताना छाती फुगवायचे. तर मागल्या आठवड्यात ती टीव्हीवर बसली, निळा कोट घालून, आणि म्हणाली, "माणुसकी हवीच. पण आधी कागद खरा हवा."

सातीआई तेव्हा शेजारच्या, गावाकडच्याच फिदानबरोबर सूपासाठी वाळवलेली तारहानाची पापडी मोडत बसली होती. हातातला तुकडा हातात राहिला. मग ती हसायला लागली. इतकी हसली की फिदानने उठून तिला पाणी दिलं.

"काय झालं गं साती? चांगलं तर बोलली."

"चांगलं बोलली! कोण बोलली ते बघ!" म्हणून सातीआईने पायातली चप्पल काढून टीव्हीवर फेकली. फिदानला का ते सांगण्यासारखं नव्हतंच.

कारण टीव्हीवरची सेनेम, सेनेम नव्हती.

हे सासूला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं आणि पंथाच्या जुन्या गुरूंना, देदेंना. तिघंही मातीत गेली. उरल्या दोघी, सातीआई आणि ती पोरगी स्वतः.

सातीआईचं गाव तुर्कस्तानात, एल्बिस्तानच्या वर, डोंगरात. नवरा हिदिर इथं हामच्या कोळशाच्या खाणीत. त्याने बायको आणि लेकीचे कागद करून धाडले होते, वसंतात निघायचं ठरलं होतं. लेक सेनेम, सात वर्षांची. आणि हिदिरचा वाटबंधू अबुझेर मराश शहरात बिऱ्हाड करून होता. वाटबंधू म्हणजे सख्ख्याहून पलीकडचा. दोघं पुरुष आपापल्या बायकांसह देदेंपुढे उभे राहतात आणि शब्द देतात, तुझी भाकर ती माझी, तुझा गुन्हा तो माझा, तुझं लेकरू ते माझं. त्या डिसेंबरात मराशमध्ये दंगेखोरांनी आपल्या अलेवी लोकांच्या दारांवर खुणा केल्या, आणि खुणा झालेल्या घरांतलं फारसं कुणी उरलं नाही. अबुझेर गेला, त्याची बायको गेली. त्यांची पोर हुरू, तीही सातचीच, कुणा भल्या बेकरीवाल्याने पिठाच्या पोत्यांमागे दडवून डोंगरात आणून सोडली. सातीआईने तिला सेनेमच्या गोधडीत घेतलं.

एकोणीस दिवसांनी सेनेमचा घसा सुजला. बर्फाने रस्ता बंद, डॉक्टर खाली शहरात. पहाटे पोर थंड झाली.

एका गोधडीत दोन पोरी. एकीला कागद होता, श्वास नव्हता. दुसरीला श्वास होता, कागद नव्हता, आईबाप नव्हते, आणि तिला शोधत कोण कधी येईल त्याचा नेम नव्हता. सातीआई जेमतेम अठ्ठावीस वर्षांची. अक्षर ओळखत नव्हती, पण हिशेब तिला उजाडायच्या आत कळला. तिने गावात सांगितलं, अबुझेरची पोर गेली. मेलेल्या लेकराला अंघोळ तिने आणि सासूने घातली, कुणाला आत येऊ दिलं नाही. मूठमाती दिली तेव्हा ती ऊर बडवून रडली, आणि रडताना हाक मारली ती हुरूच्या नावाने. पोटच्या पोरीला शेवटची हाक तिने दुसऱ्याच नावाने मारली. मग घरी येऊन जिवंत पोरीला कोपऱ्यात बसवलं आणि म्हणाली, "आजपासून तू सेनेम."

"मग सेनेम कोण?" पोरीने विचारलं.

मार्चमध्ये दोघी इथं आल्या.

त्याला एकेचाळीस वर्षं झाली. सेनेम पहिली आली, सेनेम वकील झाली, सेनेम निवडून आली. निवडणुकीत रस्त्यावरच्या खांबाखांबावर सेनेमचं नाव लागायचं. सातीआई भाजी आणायला मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायची. तिला वाचता येत नव्हतं, पण ती पाच रोमन अक्षरं ती ओळखायची. फोटोकडे ती बघायची नाही. नावाकडे बघायची, आणि आत कुठेतरी एक सात वर्षांची पोर जराशी हलायची.

म्हणून तर टीव्हीवरचं ते बोलणं तिला झोंबलं. कागद खरा हवा म्हणे!

रविवारी दुपारी जेमघर भरलं. पूर्वी ते फर्निचरचं दुकान होतं. अजूनही एका भिंतीवर कपाटांच्या कंपनीचं फिकट चित्र दिसतं, आता त्याच्या शेजारी हजरत अलीचं चित्र आहे. बायका-पुरुष, म्हातारे-पोरं सगळे गोल धरून, तोंडाला तोंड करून बसले. मेंढीच्या कातड्यावर देदे कामेर बसले. वय चौतीस. एरवी शाळेत गणित शिकवतात. सातीआईने त्यांचे लंगोट बदललेले, पण कातड्यावर बसले की ते देदे. तिथं ती त्यांना अरेतुरे करत नाही.

"तुझी मोठी बाई आली बघ," फिदान कोपर मारत म्हणाली. "आज गाडी नाही, ड्रायव्हर नाही. बसने आली वाटतं."

सेनेम अगदी मागे, बूट काढून ठेवतात तिथं बसली होती. चेहरा असा की रात्रभर डोळा लागला नसावा.

"मागं बसून नम्रपणा दाखवतेय," सातीआई पुटपुटली. "फोटोवाले येतील आता."

फोटोवाले आले नाहीत. देदेंनी हात वर केला, कुजबुज थांबली. चिराग अजून पेटायचे होते. जेममध्ये चिराग पेटवण्याआधी देदे सगळ्यांना एकच गोष्ट विचारतात, आणि तिचं उत्तर मिळाल्याशिवाय जेम सुरू होत नाही, मग आत राजा बसलेला असो.

"जिवांनो, एकमेकांवर राजी आहात का? कुणाच्या मनात कुणाबद्दल काही असेल, कुणी कुणाचा हक्क मारला असेल, तर इथं बोला. इथं नाही बोललात तर बाहेर बोलायचं नाही."

"राजी!" लोक म्हणाले.

बहुतेक वेळा तिथंच संपतं. मागल्या महिन्यात राखणदार वेसेल आणि त्याचा मेहुणा गाडी लावायच्या जागेवरून भांडले होते, ते मिटवता मिटवता तासभर गेला आणि स्वयंपाकघरात बुल्गुरचा दलिया करपला. त्यामुळे आज वेसेल हातातली काठी घट्ट धरून, डोळ्यांनीच सगळ्यांना दटावत होता, उगाच कुणी उठू नका रे.

देदेंनी तिसऱ्यांदा विचारलं. "राजी आहात?"

"मी राजी नाही."

आवाज मागून आला. सेनेम उठली होती.

"कुणावर?" देदेंनी विचारलं.

"माझ्यावर."

ती चालत मधल्या मोकळ्या जागेत आली. उजव्या पायाचा अंगठा डाव्या अंगठ्यावर ठेवला, दोन्ही हात छातीशी घेतले, मान खाली घातली. गुन्हा कबूल करायला असं उभं राहायचं असतं. लहानपणी सगळ्यांना शिकवतात, पण इथल्या निम्म्या लोकांनी खरोखर कुणाला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. कुणीतरी फोन वर धरला. वेसेलने काठीने तो खाली केला.

"मी सेनेम नाही," ती म्हणाली. "मी हुरू. मराशच्या अबुझेरची मुलगी. सेनेम मेली, मी तिच्या कागदावर या देशात आले."

सातीआईला वाटलं जमीन सरकली. बसल्या जागी तिने गालिचा मुठीत धरला. एकेचाळीस वर्षं जी गोष्ट तिने नवऱ्याच्या मरणाच्या खाटेजवळसुद्धा मोठ्याने उच्चारली नव्हती, ती ही कार्टी शंभर माणसांत, भर दुपारी, अशी सांगत होती जशी काही बसची वेळ सांगतेय.

"गप बस!" ती ओरडली. "देदे, पोरीला ताप आहे. हिला घरी न्या!"

"सातीआई," देदे हळूच म्हणाले, "ती उभी राहिली आहे. तिचं पुरं ऐकायला हवं. मग तुमचं."

सेनेमने, म्हणजे हुरूने, मान वर केली नाही. बोलत राहिली. खालच्या आवाजात, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

तिच्या खात्यात तिच्यासह नऊ जणांची एक समिती होती. कायद्याने जिथं 'नाही' म्हटलं, तिथं माणूस म्हणून 'हो' म्हणता येईल का, हे ती समिती बघायची. गेल्या महिन्यात एक फाईल आली. इराकमधल्या सिंजारची एक यझिदी पंथाची पोरगी, सोळा वर्षांची, नाव निस्रा. घरचे मारले गेले. मावशीने तिला आपल्या मेलेल्या लेकीच्या कागदावर इथं आणलं. रक्त तपासलं, लबाडी उघडी पडली.

"समितीत चार विरुद्ध चार झाले," हुरू म्हणाली. "माझं मत उरलं होतं. मी पोरीला विचारलं, दुसरीचं नाव लावून जगायची तुला लाज नाही वाटली? ती म्हणाली, वाटली. पण मी ते नाव घेतलं नसतं तर मावशीला आई म्हणून हाक मारायला कुणी उरलं नसतं."



"आणि मग?" देदेंनी विचारलं.

"मी नाही म्हटलं. फाईलवर सही केली. सेनेम म्हणून."

"का गं पोरी?" एक म्हातारा कळवळून बोलून गेला. बोलायची त्याची पाळी नव्हती, पण वेसेलने काठी आपटली नाही.

"भीती वाटली. तिच्या बाजूने एक शब्द जरी बोलले तर कुणीतरी विचारेल, ही का एवढी हळहळते? आणि माझे कागद काढेल. येत्या शुक्रवारी तिला विमानात बसवणार आहेत. सही केल्यापासून मला नाव लिहिता येत नाही. हात थांबतो. उद्या सकाळी मी राजीनामा देते. सगळं जाहीर करते आणि हे नाव परत करते. पण नाव जिचं आहे तिची आई इथं बसली आहे. ती राजी झाल्याशिवाय मी बाहेर जाऊन बोलू शकत नाही. आई, तेवढ्यासाठीच फोन करवला होता. माझ्याने स्वतः बोलणं झालं नसतं."

आता कुजबुज उठली. हिचं नागरिकत्व जाईल काय? एवढ्या वर्षांनी? सरकार काय, काहीही करेल. कुणीतरी रडत होतं.

सातीआई बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. पोरगी नाव परत करणार. म्हणजे खांबांवरून, दाखल्यांवरून, दारावरच्या पाटीवरून सेनेम जाणार. कुणीतरी कारकून एका रकान्यात लिहील, मृत, आणि खाली चार दशकांपूर्वीची तारीख. तिने घशात दाबून ठेवलेलं मरण आज पुन्हा होणार, आणि या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"फिदान," ती कशीबशी म्हणाली, "ऐकलंस? ऐकलंस ना काय बोलली? आता लोक काय म्हणतील? मी गावाला फसवलं म्हणतील."

फिदानने तिचा हात धरला. "साती, गाव कधी फसलं होतं?"

"काय?"

"आम्हाला ठाऊक होतं."

सातीआईने हात हिसकावून घेतला. "काय ठाऊक होतं?"

"पोर कुणाची गेली ते. अगं, मूठमातीला मी तुझ्या मागेच उभी होते. तोंडात नाव हुरूचं होतं तुझ्या, पण हाक? तशी हाक दुसरीच्या लेकरासाठी कुणी मारतं होय? माझ्या सासूने त्याच दिवशी चुलीपाशी सगळ्यांना बजावलं, जो तोंड उघडेल त्याच्या घरचं पाणी कुणी पिणार नाही."

सातीआईने वेसेलकडे पाहिलं. तोही गावचाच. तेव्हा सोळा वर्षांचा असेल. त्याने मान खाली घातली. "वहिनी, खड्डा मीच खणला होता," तो म्हणाला. "कपाळावरची खूण दिसली मला. सेनेमला शेळीने शिंग मारलं होतं ना, ती."

म्हणजे एकेचाळीस वर्षं ती ज्यांच्यापासून लपवत होती, तेच तिच्यापासून लपवत होते. लग्नात, मयतीत, दर रविवारी या गोलात समोरासमोर बसून. तिच्या सेनेमच्या गोष्टी ऐकून माना डोलावत होते. सेनेम पहिली आली, वा. सेनेम वकील झाली, वा वा. आणि एकाच्याही चेहऱ्यावर कधी रेषा हलली नाही. सातीआईला आयुष्यभर वाटत आलं की या लोकांच्या पोटात काही राहत नाही.

हुरू मधोमध तशीच उभी होती. अंगठ्यावर अंगठा.

देदेंनी वळून पाहिलं. "सातीआई, तिने आपलं सांगितलं. आता तुम्ही सांगा. तुम्ही राजी आहात का?"

सातीआई उठली. गुडघे वाजले. फिदानने आधार द्यायला हात पुढे केला, तो तिने झटकला. डोईचा रुमाल सारखा केला आणि चालत मधे आली, पोरीच्या अगदी समोर, हातभर अंतरावर. पोरीचे केस पांढरे व्हायला लागले होते. हे तिने टीव्हीवर कधी पाहिलं नव्हतं. तिथं रंगवून बसायची बहुतेक.

हॉलमध्ये सगळ्यांना वाटलं, आता ही पोरीला जवळ घेणार. फिदानने रुमाल डोळ्यांना लावलासुद्धा.

"मान वर कर," सातीआई म्हणाली. "माझ्याकडे बघ. नाही, मी राजी नाही."

देदे काही बोलायला गेले, तिने बोट वर करून त्यांना थांबवलं. कातड्यावरच्या देदेंना असं थांबवणारी ती पहिलीच बाई असेल.

"नाव घेतलंस म्हणून नाही. नाव मी दिलं, त्याचं पाप माझ्या पदरात, ते मी वर जाऊन फेडीन. नाव परत करतेस म्हणूनही नाही. माझी पोर मेली. एकदा मोठ्याने मेली म्हणायची माझी हिंमत झाली नव्हती, ती तू आज केलीस. ते सोड. मला राग आहे तो तुझ्या सहीचा. माझी सेनेम सात वर्षांची गेली. तिने आयुष्यात कुणाची काडी मोडली नाही. तिच्या नावावर एक डाग नव्हता गं, एकसुद्धा! आणि तू तिच्या नावाने एका बिनआईच्या पोरीला दारातून हाकललंस. आणि आता म्हणतेस राजीनामा देते? वा! खुर्ची सोडलीस की तू मोकळी, लोक म्हणतील बाई किती सच्ची, आणि ती पोर शुक्रवारी विमानात. तुझ्या जागी जो येईल तो तिच्यासाठी काय उठून उभा राहणार आहे? रडून कुणाचा हक्क परत मिळत नाही. उद्या सकाळी त्या आठ जणांना परत गोळा कर. दार लावून घे आणि त्यांच्या तोंडावर सांग, मी कोण, कुणाच्या कागदावर आले, आणि भीतीने काय केलं. मग त्याच हाताने, सेनेमच्याच नावाने, ती सही फिरव. त्यांनी ऐकलं नाही तर सगळ्या गावापुढे ओरड, विमानापुढे आडवी पड, मला विचारू नकोस काय करायचं ते. तू शिकलेली आहेस, मी नाही. त्यानंतर तुझी खुर्ची जाईल, कागद जाईल, जे जायचं ते जाईल, मी आहे ना, मी बघीन. पण ती पोर इथं राहिली पाहिजे. तोवर मी राजी नाही, तोवर तू या गोलात बसायचं नाहीस आणि माझ्या हातचं खायचं नाहीस. कळलं? जा हुरू, कामाला लाग."